जावईबापूंची पहिली ओळ

नांदुरा
१९ मे २०२६

प्रिय शौनकदादा,

फोनच करणार होते. पण ऑफिसातून तुला फोन लावला की गोपाळकाका मागे येऊन उभे राहतात आणि "शौनक आहे का? दे इकडं," म्हणून फोन काढून घेतात. ते तुझे मामा, माझे काका आणि वर माझे मालक. त्यांची तक्रार त्यांच्याच देखत कशी करणार? म्हणून हा ईमेल. पत्र समजून सावकाश वाच.

आपल्या कंपनीचं काम तुला माहीत आहे. जिनिंगमधलं यंत्र तापलं की कापसाला आग लागण्याआधी भोंगा वाजवायचा. यंत्राशेजारी आपली डबी असते, तिच्यात लिनक्स. आता मलकापूर रस्त्यावरच्या जिनिंगवाल्यांना हेच सगळं मालकाच्या टेबलावरच्या विंडोजवरही हवं आहे. सी भाषेतला एकच कोड दोन्हीकडे चालला पाहिजे. काकांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "विंडोजचं काम उभं राह्यलं, का सॉफ्टवेअरच्या खोलीची प्रमुख प्रतिमा." सात वर्षं पिंपळगाव राजाहून बसनं येतेय, दादा. पहिल्यांदा कोणी असं काही म्हटलं. मला ते हवं आहे, हे तुझ्यापाशी सांगायला लाजत नाही.

काम उभं राहत नाहीये, ते ‘सगळे.एच’ नावाच्या एका हेडर फाईलीपायी. हेडर म्हणजे ओळख करून देणं, असं काका पाहुण्यांना समजावतात आणि ते बरोबरच आहे. एका फाईलीला दुसरीकडून काम करून घ्यायचं असेल, तर कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कम्पायलरला आधी तिची ओळख द्यावी लागते. पण काकांनी कंपनी काढली तेव्हाच सगळ्या हेडर एका सगळे.एच मध्ये एकाखाली एक मांडून ठेवल्या, आणि प्रत्येक फाईलीनं तीच बोलवायची असा दंडक घातला. आपल्याकडे चूलबंद आवतन देतात ना, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, तसं. भोंग्याच्या फाईलीला नुसता वेळ विचारायचा असतो, पण तिच्या पंगतीला सगळं गाव. एका हेडरमध्ये स्वल्पविराम हलला तरी अख्खा कोड पुन्हा कम्पाईल होतो. तोवर आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडतो.

बरं, या फाईलीतला क्रम मानाचा आहे. ज्यानं हेडर लिहिली त्याचं नाव शेजारी, वयानं आणि नात्यानं मोठा तो वर. मी लिहिलेली जोडणी.एच, जी नेटवर्क सांभाळते, ती खालून दुसरी. तिच्यापुढे माझं नावही नाही, काकांनी नुसतं ‘घरची’ लिहिलं आहे. सगळ्यात शेवटी पडदा.एच, टेबलावरच्या विंडोजचा पडदा आणि भोंगा बघणारी. ती कुलदीपरावांची. फेब्रुवारीत काकांच्या अर्पिताशी लग्न झालं आणि मार्चपासून ते कंपनीत येतात. शेवटी का, तर नवे म्हणून.

आता अधिक महिना लागला. जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं, मान करायचा. काकांनी कपडे केले, भांडं दिलं, आणि रविवारी स्वतःच्या हातानं पडदा.एच उचलून सगळे.एच च्या पहिल्या ओळीत बसवली. शेजारी लिहिलं, ‘जावईबापू कुलदीपराव यांची’. तेव्हापासून विंडोजवर काहीही कम्पाईल होत नाही. एकाच नावाच्या दोन दोन व्याख्या सापडल्या म्हणून शेकडो चुका येतात. काय करू सांग.

तुझी,
प्रतिमा


पुणे
२१ मे २०२६

प्रिय प्रतिमा,

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं आणि चहा नाकातून आला. जगात क्रम लावायच्या अनेक पद्धती पाहिल्या, पण मानपानाच्या क्रमानं हेडर लावणारी कंपनी आपल्याच घरात निघावी याचा अभिमान वाटला.

दुखणं सोपं आहे. कुलदीपरावांची पडदा.एच विंडोजच्या मुख्य हेडरला बोलावते. ती बाई एकटी कधी येत नाही, येताना जुन्या काळची नेटवर्कची हेडर कडेवर घेऊन येते. तुझी जोडणी.एच बोलावते नेटवर्कच्या नव्या हेडरला. नवी आधी येऊन बसली की जुनी मुकाट्यानं दारातूनच परत जाते. जुनी आधी बसली तर मग नवी येते आणि दोघी एकाच नावांवर हक्क सांगतात. तेच तुझं शेकडो चुकांचं भांडण. कुलदीपराव खाली होते तोवर तू आपोआप आधी होतीस, म्हणून चाललं.

तेव्हा पडदा पुन्हा खाली ने. दोन ओळींचं काम आहे, मामांना कळायचंही नाही. ते नकोच असेल तर विंडोजच्या हेडरला आधीच एक खूण देता येते की थोडक्यात ये, गोतावळा आणू नको. मग ती जुनीला घरीच ठेवते.

प्रमुखपदाचं मनावर घेऊ नको. मामांशी माझं बोलणं असतंच, तुझी बाजू मी सांभाळतो.

शौनक


नांदुरा
२७ मे २०२६

प्रिय शौनकदादा,

तुझे दोन्ही उपाय करून पाहिले. तुझा मामा तुला कळलेला नाही, आणि जावई तर नाहीच.

शुक्रवारी मी पडदा खाली नेला. विंडोजवर सगळं एका दमात कम्पाईल झालं, मी खुशीत बसनं घरी गेले. शनिवारी कळलं की कुलदीपराव रोज सकाळी आल्या आल्या सगळे.एच उघडून पहिली ओळ बघतात. रुसलेला जावई बोलत नसतोच. रविवारी धोंड्यांच्या जेवणाला पुरणाचा एक घास घेतला आणि पोट बरं नाही म्हणून ताटावरून उठले. अर्पिता बॅग भरायला लागली. सोमवारी अन्नपूर्णाकाकू, ज्यांनी सात वर्षांत ऑफिसचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"प्रतिमा, तू जवाईबापूले खाली काऊन बसवलं वो?"

मी म्हटलं, "काकू, त्यांले नाही, फाईलीले."

"नाव त त्यायचंच हाय ना तिच्यावर?"

यावर तुझ्या पुण्यातल्या कोणाकडे उत्तर असेल तर कळव. मी काकांना विंडोजवरच्या चुका दाखवायला गेले. त्यांनी आपल्या लिनक्सच्या मशीनवर बटण दाबलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "माह्या इथं त चालून राह्यलं. तुह्याच मशीनवर काऊन चालत नाही?" लिनक्सवर पडद्यातल्या विंडोजच्या ओळी वाचल्याच जात नाहीत, म्हणून चालतंय, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पडदा पुन्हा वर नेऊन ठेवला. अर्पितानं बॅग रिकामी केली.

मग तुझी ती खूण दिली, थोडक्यात ये म्हणून. नेटवर्कचं भांडण मिटलं आणि कुलदीपरावांचा भोंगा मुका झाला. आवाज काढायचं काम विंडोजच्या त्याच गोतावळ्यात होतं आणि ते आता घरी राहिलं. मी त्यांना म्हटलं, आवाजाची हेडर तुम्ही तुमच्या फाईलीत नाव घेऊन बोलवा, एक ओळ वाढेल. ते म्हणाले, "म्हणजे चूक माझी आहे का?" तेवढ्यात काका दारात. मी खूण काढून टाकली.

जिनिंगवाले जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बघायला येणार आहेत. मला हसू येत नाहीये, दादा. तुझ्या चहाचं काय झालं ते पुन्हा लिहू नको.

प्रतिमा


पुणे
२८ मे २०२६

प्रिय प्रतिमा,

बरं, हसत नाही. नीट सांगतो.

दोन ओळींचा क्रम हा रोगच नाही. रोग असा की कोणाला कोणाची गरज आहे हे तुमच्या कोडमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. सगळे सगळ्यांच्या जिवावर जगतात. सगळे.एच च्या पंगतीतून एक पान उचललं की चार जण उपाशी उठतात, आणि ते चार कोण हे आधी कोणालाच माहीत नसतं. तेव्हा प्रत्येक फाईल उघड. तिला खरोखर ज्यांची गरज आहे त्यांनाच, नाव घेऊन, तिथल्या तिथं बोलव. विंडोज आणि लिनक्सच्या बाया प्रत्येकी एकेका फाईलीत कोंडून ठेव, बाहेरच्या कोणाला त्या दिसताच कामा नयेत. मग पहिली ओळ जावयाची असो की व्याह्याची, कोणाला फरक पडणार नाही.

काम कंटाळवाणं आहे. मी असतो तर दुपारभरात स्क्रिप्ट लिहून उरकलं असतं, पण सध्या आमच्याकडेही धावपळ आहे.

मामांचा परवा फोन होता. तुझ्याबद्दल विचारत होते. मी तुझं भरपूर कौतुक केलंय, निश्चिंत राहा.

शौनक


नांदुरा
११ जून २०२६

प्रिय शौनकदादा,

झालं. तुझ्या दुपारभरात नाही, दिवसच्या दिवस बसून झालं.

सगळे.एच काढून एकेक फाईल कम्पाईल केली आणि ती कोणासाठी रडते ते ऐकत बसले. काय काय निघालं म्हणून सांगू. वजनाची फाईल तापमानाच्या हेडरमधला एक आकडा वर्षानुवर्षं उचलून वापरत होती, कोणी विचारलं नाही म्हणून. दोन हेडर अशा निघाल्या की ही तिला बोलावते आणि ती हिला, आधी तुम्ही बसा, नाही आधी तुम्ही. त्यातली एक काकूंच्या भावाची, पुंजाजीमामांची, आणि एक काकांची, म्हणून आजवर कोणी मध्ये पडलं नव्हतं. तिथं कळलं की एकमेकींच्या घरात जायची गरजच नाही. अशी एक व्यक्ती आहे, एवढं नुसतं नाव सांगितलं तरी भागतं. मी नाव सांगितलं आणि ते सोडवलं. कुलदीपरावांच्या पडद्याला मी हात लावला नाही. त्या फाईलीला बोलावणाऱ्या दोनच फाईली खऱ्या निघाल्या, त्या दोन्हींत नेटवर्कचा संबंध नाही. नवी आणि जुनी आता एकमेकींना भेटतच नाहीत, तर भांडतील कशाला?

आणि सगळे.एच? ती जशीच्या तशी आहे. पहिली ओळ जावईबापूंची, नावासकट. फक्त तिला आता कोणी बोलावत नाही. अगदीच कोणी नाही असं नको, म्हणून मी मान.सी नावाची एक फाईल केली. ती सगळे.एच ला बोलावते आणि दुसरं काहीही करत नाही. ती फक्त काकांच्या लिनक्सवर कम्पाईल होते. काका बटण दाबतात, मान.सी चं नाव वर सरकताना दिसतं, ते समाधानानं चष्मा पुसतात.

मंगळवारी जिनिंगवाले आले. काकांनी चहाचा वाफाळता ग्लास डबीच्या तारेला टेकवला. डबीवर भोंगा, त्याच क्षणी टेबलावरच्या विंडोजवर भोंगा. मालकांनी स्वतः ग्लास धरून पुन्हा वाजवून बघितलं, मग त्यांच्या मुनिमानं, मग ड्रायव्हरनं. काका कुलदीपरावांकडे बोट दाखवून म्हणाले, "पाह्यलं? वरच्या ओळीचा गुण हाय." माझं काम माझ्यापुढं वाजत होतं.

अधिक महिना संपतोय त्या सोमवारी काका सगळ्यांना बोलावून जाहीर करणार आहेत. आईनं आजच मला साडी काढून ठेवली आहे. खूप बरं वाटतंय, दादा.

प्रतिमा


पुणे
१६ जून २०२६

प्रमुखबाई प्रतिमा यांस,

अभिनंदन. कालचा समारंभ कसा झाला ते लिही. मान.सी बद्दल माझ्या टीमला सांगितलं, दोघांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आमच्याही कोडमध्ये अशी एक फाईल असावी असं आता मला वाटायला लागलंय, आमच्याकडे साहेब पुष्कळ आहेत.

तुझी बाजू सांभाळली होती म्हणून सांगतो. मेच्या अखेरीस मामांनी मला फोनवर सरळच विचारलं होतं, "शौनक, प्रमुख कोनाले करू?" मी म्हटलं, "मामा, प्रमुख कोणालाही करा, काम तर प्रतिमाच करणार आहे." मामा किती तरी वेळ हसत होते. म्हणाले, "हे त तू लाखातलं बोलला." याहून मोठं प्रशस्तिपत्र तुला कोणी दिलं नसेल.

पेढे कुरिअरनं पाठव.

शौनक


नांदुरा
२३ जून २०२६

शौनकदादा,

पेढे वाटले गेले. कुलदीपरावांनी वाटले.

काकांनी सगळ्यांना उभं केलं आणि तुझं वाक्य जसंच्या तसं वापरलं. म्हणाले, "पुन्याच्या शौनकले विचारलं, तो मोठा इंजिनेर. तो म्हने, प्रमुख कोनालेही करा, काम प्रतिमा करतेच. मंग जवाईबापूले करून टाकू. घरात नाराजी नको." सगळे हसले. त्यांचं काही चुकलं नाही. तू गंमत केलीस आणि त्यांनी हिशेब केला. तू माझं कौतुक केलंस, दादा, यंत्राचं करतात तसं. मला राग काकांचा कमी आणि तुझा जास्त आला आहे. तुला तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यांनी वाचला, उलटून कोरी बाजू पाहिली, आणि मला समजावलं. "पोरी, राजीनामा नोकरीचा रायते. तुले नोकरी कवा देल्ली? तू त घरची." त्यांनी कपाट उघडलं. सगळ्यांच्या फाईली होत्या, कुलदीपरावांची तर मार्चमधलीच, प्लास्टिकच्या कव्हरात. माझी नव्हती. सात वर्षांत मला नेमणुकीचं पत्र दिलंच गेलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नाही.

मी म्हटलं, "मंग परवापासून येत नाही, एवढंच."

ते म्हणाले, "असं कसं? तू नसली त चालंन कसं?"

चालेल. गेला महिनाभर मी तेच तर करत होते. आता प्रत्येक फाईलीत लिहिलेलं आहे तिला कोण लागतं. आधी निघाले असते तर कोणालाच काही सापडलं नसतं, आणि ते माझ्या जिवाला लागलं असतं. आता ज्याला वाचता येतं त्याला सगळं सापडेल. मी काहीही अडवून ठेवलेलं नाही, काहीही लपवलेलं नाही. कुलदीपरावांना दोन दिवस समोर बसवून सगळं समजावलं. ते मोबाईल बघत होते, पण मी समजावलं.

मलकापूर रस्त्यावरच्या जिनिंगवाल्यांनी त्यांच्या पाचही जिनिंगची यंत्रं सांभाळायला नोकरीवर बोलावलं आहे. मी नेमणुकीचं पत्र आधी मागितलं. माझं पूर्ण नाव टाईप केलेला कागद हातात आला तेव्हा मी बसस्टँडवर उभ्या उभ्या रडले, आणि ते तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

प्रतिमा


नांदुरा
२० जुलै २०२६

प्रति,
सन्माननीय प्रतिमा मॅडम यांस,
स. न. वि. वि.

आपण पदभार सोडल्यापासून आमचे येथील विंडोजचे काम बंद पडले आहे. त्याचे कारण आमच्या ध्यानात येत नसल्याने हे पत्र.

आपण गेल्यानंतर प्रमुख श्री. कुलदीपराव यांना असे आढळून आले, की सगळे.एच ही फाईल मान.सी वगळता कोणीच बोलावीत नाही. आपल्याकडून घाईत राहून गेले असावे असे समजून त्यांनी ती प्रत्येक फाईलीत, एकेका हेडरमध्येसुद्धा, परत टाकली. तेव्हापासून पहिल्यासारख्या चुका येत आहेत. माझ्या मशीनवर चालते. पुण्यास शौनककडे विचारणा केली असता त्याने "मला यात पडायचे नाही, मामा, तिला विचारा" एवढेच कळविले. तो हल्ली फोनही कमी उचलतो.

घरात विचार करून आम्ही एक गोष्ट केली आहे. जावईबापूंची समजूत काढली, आणि पहिल्या ओळीत आपली जोडणी.एच घेतली. शेजारी ‘घरची’ होते ते खोडून आपले पूर्ण नाव घातले. त्याने त्या चुका गेल्या, परंतु आता दुसऱ्या आल्या आहेत. पुंजाजी व माझी हेडर एकमेकांना बोलावीत बसतात. एवढा मान दिल्यावरही फाईल चालत नाही, याचा अर्थ काय समजावा, हे आपण कृपया कळवावे.

जिनिंगचा हंगाम तोंडावर आहे. आपण ज्यांचेकडे काम पाहता, त्यांच्याच यंत्रांवर आमचा भोंगा आहे, तेव्हा ही काळजी आता उभयतांची समजावी. आपली जी काही फी असेल ती मान्य आहे. येण्याचा दिवस कळविल्यास बसस्टँडवर गाडी पाठवतो. कुलदीपराव स्वतः घेऊन येतील.

आपला नम्र,
गोपाळ

ता. क. पोरी, काकू विचारून राह्यली, मॅडम जेवाले थांबतीन का? मी म्हटलं, विचारून सांगतो. आधी कधी विचारा लागलं नव्हतं.